थांबायला कारण लागते

१ डिसेंबर २०१३ रोजी, मध्यरात्र उलटून गेल्यावर, पृथ्वीभोवती फिरणाऱ्या मंगळयानाचे मुख्य इंजिन सुमारे २२ मिनिटे चालले आणि बंद झाले. तेवढ्यात यानाला पृथ्वीची पकड सोडून निघण्याइतका वेग मिळाला होता. पुढचे जवळजवळ ३०० दिवस ते इंजिन मंगळाकडे जाण्यासाठी एकदाही वापरावे लागले नाही. अधूनमधून दिशा किंचित दुरुस्त करण्यासाठी छोटे थ्रस्टर काही सेकंद चालवले गेले. बाकी सारा काळ यान नुसते जात होते आणि त्याने ६० कोटी किलोमीटरांहून अधिक अंतर कापले. मंगळाजवळ पोचल्यावर, २४ सप्टेंबर २०१४ला, इंजिन पुन्हा पेटवले गेले. या वेळी ते उलट्या दिशेने जोर लावत होते, कारण यानाचा वेग कमी करायचा होता. तो कमी झाला नसता तर यान मंगळाच्या शेजारून निघून गेले असते. त्या सकाळी शास्त्रज्ञांचा जीव टांगणीला लागला होता तो यान पुढे जाईल की नाही म्हणून नव्हे, त्याला वेळेवर आवरता येईल की नाही म्हणून.

त्या ३०० दिवसांत यानाला ढकलत कोण होते? कोणीच नाही. उलट सूर्य त्याला आपल्याकडे ओढत होता आणि त्यामुळे त्याचा वेग हळूहळू घटतच होता. तरी ते गेले. आता यावर तुम्ही म्हणाल, हे काही पटत नाही. सायकलचे पॅडल मारणे थांबवले की सायकल थांबते. हातगाडी ढकलणे सोडले की हातगाडी थांबते. ढकलल्याशिवाय वस्तू चालत नाही, हे तर रोज दिसते. तक्रार अगदी रास्त आहे आणि ती करणारे तुम्ही पहिले नाही. जगातली अत्यंत हुशार माणसे जवळजवळ २००० वर्षे हेच म्हणत होती. या प्रकरणात आपल्याला एवढेच तपासायचे आहे की, त्यांचे नेमके कुठे चुकले. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो: त्यांचे डोळे चुकले नाहीत, त्यांचा प्रश्न उलटा होता. 'वस्तू चालत का राहते?' असे ते विचारत राहिले. विचारायला हवे होते, 'चालणारी वस्तू थांबते का?'

ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल इसवीसनापूर्वी चौथ्या शतकात होऊन गेला. त्याने गतीचा विचार केला तो तुमच्याआमच्या अनुभवावरूनच. बैल ओढतात तोवर गाडी चालते, बैल थांबले की गाडी थांबते. म्हणजे गतीला सतत चालक हवा. नियम सोपा आणि बहुतेक ठिकाणी लागू पडणारा होता. अडचण आली ती बाणाची. धनुष्याची दोरी सुटल्यावर बाणाला कोणी शिवत नाही, तरी तो लांबवर जातो. तिथे चालक कोण? ॲरिस्टॉटलचे उत्तर असे की हवा. दोरीने बाणाबरोबर हवेलाही हलवले, आणि ती हवा बाणाला पुढे रेटत राहते. आज हे ऐकून हसू येते, पण हसण्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्या. त्याने आपला नियम अडचणीत आल्यावर गुपचूप सोडून दिला नाही. नियम खरा असेल तर इथेही चालक असलाच पाहिजे, असे म्हणून तो शोधला. शोधण्याची ही रीत योग्यच होती.

हवेच्या उत्तराला तडे मात्र लवकरच गेले. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियात राहणाऱ्या जॉन फिलोपोनस नावाच्या विद्वानाने विचारले, हवाच जर बाण नेत असेल तर धनुष्य कशाला हवे? बाणामागे नुसती हवा हलवून पाहा, तो जागचा हलतो का. चौदाव्या शतकात पॅरिसमध्ये झाँ ब्युरिदाँ याने त्याहून चोख दाखला दिला. धार लावायचा दगड हाताने जोरात फिरवून सोडला तर तो बराच वेळ फिरत राहतो. तो आपली जागा सोडत नाही, त्यामुळे त्याच्या मागे हवा शिरून त्याला रेटण्याचा प्रश्नच येत नाही. आपल्याकडे हाच पुरावा कुंभारवाड्यात पाहायला मिळतो. कुंभार काठीने चाकाला गरगर फिरवतो, काठी बाजूला ठेवतो आणि मग निवांतपणे मडके घडवायला घेतो. चाक आपले फिरतच असते. ब्युरिदाँने नदीतल्या होडीचाही दाखला दिला. दोराने ओढून आणलेली होडी, ओढणे थांबल्यावरही काही वेळ पुढे जाते. तिच्यावर उभ्या असलेल्या नावाड्याला हवा पाठीवर लागत नाही, तोंडावर लागते. म्हणजे हवा मदत करत नसून अडवत असते. इथे कोडे जवळजवळ सुटले होते. पण ब्युरिदाँचे पाऊल एका ठिकाणी अडले. त्याने म्हटले, फेकणारा माणूस वस्तूच्या आत काहीतरी जोर भरतो आणि तो जोर तिला आतून ढकलतो. चालक बाहेरून आत आला, एवढेच. गतीला चालक लागतो, ही समजूत तशीच राहिली.

ती समजूत हलवली इटलीच्या गॅलिलिओने, आणि त्यासाठी त्याने वापरली उतरणीवरून सोडलेली गोळी. १६३२ साली त्याने तीन माणसांच्या संभाषणाच्या रूपात एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्यातला युक्तिवाद थोडक्यात असा. गुळगुळीत उतारावर गोळी ठेवली तर तिचा वेग वाढत जातो. चढावर ढकलली तर वेग घटत जातो. मग ना उतार ना चढ अशा सपाट पृष्ठभागावर तिला वेग दिला तर काय होईल? वेग वाढायला कारण नाही, तसे घटायलाही कारण नाही. मग ती त्याच वेगाने जात राहायला हवी. या युक्तिवादाची मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे त्याला कसलेही यंत्र लागत नाही. एक फळी आणि एक गोटी घेऊन तुम्ही त्याचा पहिला भाग घरीच पाहू शकता.

दुसऱ्या भागाशी मात्र गाठ पडली की पुन्हा तीच तक्रार येते: सपाट जमिनीवरची गोटीही शेवटी थांबतेच. खरे आहे. म्हणून आता नुसते 'थांबते' असे म्हणून भागणार नाही, कुठे किती लवकर थांबते ते पाहायला हवे. तीच गोटी तेवढ्याच जोराने वाळूत सोडा, अंगणात सोडा, फरशीवर सोडा. वाळूत ती वीतभर जाते, फरशीवर खोलीच्या दुसऱ्या टोकाला पोचते. कॅरम खेळणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. बोर्डावर पावडर नसेल तर स्ट्रायकर मध्येच अडखळतो. बोरिक पावडर टाकली की तोच स्ट्रायकर, त्याच बोटाच्या टिचकीने, समोरच्या पट्टीवर आपटून परत येतो. पावडरने स्ट्रायकरला ढकलले का? मुळीच नाही. पावडरने फक्त बोर्डाची पकड कमी केली. लाकूड कितीही घासलेले दिसले तरी बारीक पाहिल्यास खडबडीत असते, आणि दोन पृष्ठभाग एकमेकांवरून सरकताना एकमेकांना अडवतात. या अडवण्याला घर्षण म्हणतात. मुंबईची लोकल स्टेशन यायच्या कितीतरी आधी मोटरना वीज देणे थांबवूनही धावत राहू शकते, कारण पोलादी रुळावरच्या पोलादी चाकाला होणारा अडथळा डांबरावरच्या रबरी टायरला होणाऱ्या अडथळ्यापेक्षा कित्येक पटींनी कमी असतो. वाळू, फरशी, पावडर टाकलेला बोर्ड, रूळ अशी ही रांग लावली की एक दिशा स्पष्ट दिसते. अडवणारे जितके कमी, तितकी वस्तू लांब जाते. अडवणारे अगदीच नाहीसे केले तर ती किती लांब जाईल, याचे उत्तर या रांगेतच दडलेले आहे. तसा पृष्ठभाग पृथ्वीवर मिळत नाही, ही अडचण खरी. पण सर्व पुरावे एकाच दिशेला बोट दाखवत असतील तर शेवटच्या टोकाला प्रत्यक्ष उभे राहणे भाग नसते.

गॅलिलिओचा विचार फ्रान्सच्या देकार्तने १६४४ साली आणखी नेटका केला: अडथळा नसलेली वस्तू सरळ रेषेत जात राहते. हे 'सरळ' फार महत्त्वाचे आहे, त्याकडे पुढे येऊ. १६८७ साली आयझॅक न्यूटनने आपल्या ग्रंथात तो गतीचा पहिला नियम म्हणून मांडला. वस्तू स्थिर असेल तर स्थिर राहते, चालत असेल तर त्याच वेगाने त्याच दिशेने चालत राहते; बाहेरून बल लागले तरच यात बदल होतो. वस्तूच्या या गुणाला जडत्व म्हणतात. नियमात स्थिर वस्तू आणि एकसारखी चालणारी वस्तू यांना एकाच पंक्तीला बसवले आहे, हे पाहा. स्थिर राहायला जसे कारण लागत नाही, तसे चालत राहायलाही लागत नाही. कारण लागते ते बदलाला: वेग वाढायला, वेग घटायला, दिशा वळायला.

मग सायकलचे काय? सपाट रस्त्यावर एकाच वेगाने जातानाही पॅडल मारावेच लागते. इथे पुष्कळांचा घोटाळा होतो. तुम्ही पॅडल मारून सायकलला पुढे लावता ते एक बल. समोरची हवा, रस्त्यावर दबणारे टायर आणि बेअरिंगमधले घर्षण मिळून मागे लावतात ते दुसरे. ही दोन्ही सारखी असली की एकमेकांना खोडून टाकतात. उरलेले बल शून्य, म्हणून वेगात बदल शून्य. वेग टिकवायला बल लागते असे दिसते खरे, पण तुमची सगळी मेहनत अडथळ्याची परतफेड करण्यात जाते. समोरून वारा असला की त्याच वेगासाठी दमछाक होते आणि पाठीवर वारा आला की पाय हलके होतात, हा त्याचा पुरावा. गतीलाच बल लागत असते, तर वाऱ्याने काय फरक पडला असता?

याहून अवघड आक्षेप बसमधला आहे. एसटीचा चालक एकदम ब्रेक मारतो आणि उभे असलेले सगळे पुढे झुकतात. आपल्याला कोणीतरी पाठीमागून ढकलले असे अगदी स्पष्ट जाणवते. 'जडत्वाच्या बलामुळे प्रवासी पुढे फेकले गेले' असे वाक्य त्यामुळे पुष्कळदा ऐकू येते, आणि ते चूक आहे. जडत्व हे बल नाही. बल लावायला कोणीतरी किंवा काहीतरी लागते: हात, दोरी, हवा, जमीन, चुंबक, पृथ्वी. ब्रेक लागताना तुमच्या पाठीमागे असे काय होते? काहीच नाही. थांब्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या नजरेने पाहिले की उलगडा होतो. त्याला दिसते ते असे: बस आणि प्रवासी एकाच वेगाने येत होते. ब्रेकने बसचा वेग घटवला, बसच्या तळाने घर्षणाने प्रवाशांच्या पायांचा वेग घटवला, पण कमरेवरचा भाग आधीच्याच वेगाने जात राहिला. कोणी पुढे फेकले गेले नाही. बस त्यांच्या पायाखाली मंदावली. गाडीतला सीटबेल्ट याचसाठी असतो. गाडीला ब्रेक आहे, तुमच्या छातीला नाही. ते काम पट्टा करतो.

घाटातल्या वळणावर बाहेरच्या बाजूला रेटले गेल्यासारखे वाटते, तेही याच जातीचे. तुमचे शरीर सरळ जाऊ पाहते, बस वळते, आणि बसची बाजू येऊन तुम्हाला आतल्या दिशेने ढकलते. 'पण बाहेर ओढ जाणवते ना!' असे कोणी म्हटलेच तर त्याला गोफणीकडे पाहायला सांगावे. जोंधळ्यावरची पाखरे हाकलणारा राखणदार गोफण डोक्याभोवती फिरवतो तेव्हा त्यालाही दोरी बाहेर ओढली जातेय असे वाटते. दगडावर खरोखर बाहेरच्या दिशेने बल असते, तर दोरीचे एक टोक सोडल्याबरोबर दगड त्याच्या हातापासून थेट दूर, दोरीच्या रेषेत उडाला असता. तसे होत नाही. सुटलेला दगड त्या क्षणी ज्या दिशेने जात असतो त्याच दिशेने, दोरीला काटकोनात, निघून जातो. म्हणून मुरलेला राखणदार गोफण निशाणाकडे रोखलेली असताना सोडत नाही. दगडाची धाव निशाणाकडे वळते तेव्हा सोडतो. दोरी दगडाला आत ओढून क्षणोक्षणी वळवत होती. ती ओढ गेली की वळणे संपले. देकार्तच्या त्या 'सरळ' शब्दाचा हा पुरावा कित्येक पिढ्या शेताच्या बांधावर दिला जात होता. चंद्राला पृथ्वी आणि पृथ्वीला सूर्य असेच आत ओढतात, म्हणून ते सरळ निघून न जाता फिरत राहतात. तिथे दोरीऐवजी गुरुत्वाकर्षण आहे.

आता सर्वांत जुन्या आणि सर्वांत दमदार आक्षेपाकडे येऊ. इ. स. ४९९ मध्ये आर्यभटाने आपल्या ग्रंथात लिहिले की तारे फिरत नाहीत, पृथ्वी स्वतःभोवती फिरते. नावेतून जाणाऱ्याला काठावरची झाडे मागे जाताना दिसतात तसे हे दिसणे आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने त्याला हरकत घेतली. पृथ्वी फिरत असेल तर आकाशात उडालेला ससाणा आपल्या घरट्यात परत कसा येतो? आणि पताका नेहमी पश्चिमेकडेच फडफडायला हव्या होत्या, त्या तशा का फडफडत नाहीत? ६२८ साली ब्रह्मगुप्तानेही आर्यभटाचे मत फेटाळले. त्यांच्याही आधी, दुसऱ्या शतकात, अलेक्झांड्रियाच्या टॉलेमीने जवळजवळ हेच म्हटले होते: पृथ्वी फिरली तर ढग आणि पक्षी पश्चिमेकडे मागे पडतील. या मंडळींना जुनाट समजून सोडून देणे अन्यायाचे होईल. त्यांचे गणित पाहा. मुंबईच्या अक्षांशावर जमीन पूर्वेकडे सेकंदाला सुमारे ४४० मीटर वेगाने सरकते, म्हणजे ताशी जवळजवळ १६०० किलोमीटर. तुम्ही २० सेंटिमीटर उंच उडी मारली तर ०.४ सेकंद हवेत असता. तेवढ्यात जमीन सुमारे १७५ मीटर पुढे गेलेली असते. गतीला सतत चालक हवा असेल, तर हवेत असताना तुमचा चालक कोण? कोणी नाही. मग तुम्ही मागच्या गल्लीत पडायला हवे. पडत नाही, म्हणून पृथ्वी स्थिर आहे. गृहीत धरलेली एक गोष्ट सोडली तर या तर्कात खोट नाही.

ती एक गोष्टच चुकीची होती. उडी मारण्याआधी तुम्हीही जमिनीबरोबर सेकंदाला ४४० मीटर वेगाने पूर्वेकडे जात होता. पाय सुटले म्हणून तो वेग नाहीसा व्हायला काही कारण घडले नाही, म्हणून तो तसाच राहिला. ससाण्याचे तेच, ढगांचे तेच, आणि हवाही पृथ्वीबरोबर फिरत असल्यामुळे पताकेला पश्चिमेकडे नेणारा वाराच नाही. गॅलिलिओने यासाठी जहाजाच्या बंद खोलीचे उदाहरण दिले: जहाज एकसारख्या वेगाने चालले असेल तर आत उडणारी फुलपाखरे मागच्या भिंतीला जाऊन चिकटत नाहीत, आणि टांगलेल्या बाटलीतून ठिबकणारे पाणी बरोबर खालच्या भांड्यात पडते. १६४० साली फ्रान्सच्या पिएर गासँदीने मार्सेयच्या बंदरात ते प्रत्यक्ष करून पाहिले. वल्ह्यांनी वेगात चालवलेल्या जहाजाच्या डोलकाठीवरून दगड सोडले. ते डोलकाठीच्या पायथ्याशीच पडले. हे तुम्हाला आगगाडीत करता येईल. गाडी ताशी ९० किलोमीटर वेगाने, धक्के न देता चालली असताना नाणे ४० सेंटिमीटर वर उडवा. ते परत येईतो गाडी सुमारे १४ मीटर, म्हणजे अर्ध्या डब्याहून जास्त, पुढे गेलेली असते. नाणे मात्र तुमच्याच तळहातावर येते.

या वादाला एक गमतीदार शेपूट आहे. उंच ठिकाणावरून सोडलेली वस्तू अगदी नेमकी खाली पडत नाही. ती किंचित सरकते, पण पश्चिमेला नव्हे, पूर्वेला. मनोऱ्याचे टोक पृथ्वीच्या मध्यापासून जास्त दूर असते, म्हणून पायथ्यापेक्षा थोडे जास्त वेगाने फिरते, आणि वरून सुटलेला दगड तो जास्तीचा वेग बरोबर घेऊन येतो. न्यूटनने १६७९ साली हूक या शास्त्रज्ञाला लिहिलेल्या पत्रात हे सुचवले होते. मुंबईत १०० मीटर उंचीवरून वस्तू सोडली, आणि वाऱ्याने घोळ केला नाही, तर हे सरकणे साधारण २ सेंटिमीटर भरेल. १८३०च्या दशकात जर्मनीतल्या फ्रायबर्ग इथल्या खाणीत सुमारे १५८ मीटर खोल गोळ्या सोडून राइश या शास्त्रज्ञाने ते मोजले, तेव्हा सरासरी २८ मिलिमीटर पूर्वेला आले. पृथ्वी फिरते याचा जो पुरावा वराहमिहिराला हवा होता, तो होताच. फक्त उलट दिशेला आणि बोटभर रुंदीचा.

बदलाला बल लागते हे कळले; किती लागते, हा हिशेब न्यूटनच्या दुसऱ्या नियमात आहे. तो दोन गोष्टींवर अवलंबून असतो: वस्तूचे वस्तुमान किती, आणि वेगात किती बदल किती वेळात घडवायचा. रिकामी हातगाडी एका हाताने हलते, सिमेंटच्या गोण्या भरलेलीला दोन माणसे लागतात, आणि चालू झाल्यावर तिला थांबवायलाही दोन माणसे लागतात. वस्तुमान जास्त तर जडत्व जास्त. वेळेची गोष्ट क्रिकेटच्या झेलात दिसते. चेंडूचे वस्तुमान सुमारे १६० ग्रॅम. तो ताशी १०८ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ३० मीटर वेगाने हातात आला आणि तुम्ही हात ताठ ठेवून त्याला सेकंदाच्या शंभराव्या भागात थांबवले, तर तळहातावर सरासरी ४८० न्यूटन बल येते. जवळजवळ ४९ किलो वजन हातावर ठेवल्याइतके! तेच हात चेंडूबरोबर मागे घेत सेकंदाच्या दहाव्या भागात थांबवले तर ४८ न्यूटन, पाच किलोच्या आसपास. चेंडूकडून हिरावून घ्यायचा वेग दोन्ही वेळा सारखाच. बदलली ती फक्त घाई.

जड वस्तू हलवायला कष्ट पडतात ते तिच्या वजनामुळे, म्हणजे पृथ्वीच्या ओढीमुळे, जडत्वामुळे नव्हे, अशी एक शंका इथे येऊ शकते. उचलताना ती खरी आहे, ढकलताना नाही. अंतराळ स्थानकात सारे काही तरंगत असते, वजनकाट्यावर उभे राहून आकडा मिळत नाही. तरी तिथल्या अंतराळवीरांचे वस्तुमान नियमितपणे मोजले जाते. त्यांना स्प्रिंग जोडलेल्या साधनावर बसवून हेलकावे देतात. ज्याचे वस्तुमान जास्त त्याला स्प्रिंग हळू हलवू शकते, आणि हेलकाव्याच्या वेळेवरून आकडा काढता येतो. वजन जाणवत नाही तिथेही जडत्व पुरते शिल्लक असते.

एक शेवटचा आक्षेप उरतो आणि तो चलाख आहे. विश्वात अशी एकही जागा नाही जिथे कसलेच बल नाही. मंगळयानालाही सूर्य ओढतच होता. मग 'बल नसेल तर वस्तू सरळ जाते' हा नियम कोणी पाहिला? बल आहे हे ठरवायचे वस्तू वळली म्हणून, आणि वस्तू वळली तर म्हणायचे बल आहे म्हणून. ही तर पळवाट झाली! यावर उत्तर असे की, नियम तुम्हाला नुसते 'बल आहे' म्हणून सुटू देत नाही. ते कोण लावतेय ते दाखवून द्या म्हणतो. युरेनस हा ग्रह १७८१ साली सापडला, पण पुढे त्याची चाल गणिताशी जुळेना. सूर्य आणि माहीत असलेल्या ग्रहांची ओढ धरूनही तो थोडा भरकटत होता. फ्रान्सच्या ल व्हेरिए या खगोलशास्त्रज्ञाने म्हटले, वळतो आहे म्हणजे कोणीतरी ओढते आहे, आणि त्या न दिसणाऱ्या ग्रहाची जागा कागदावर काढली. इंग्लंडमध्ये ॲडम्सनेही स्वतंत्रपणे तसे गणित मांडले होते. ल व्हेरिएचे पत्र बर्लिनच्या वेधशाळेत २३ सप्टेंबर १८४६ रोजी पोचले आणि त्याच रात्री तिथल्या गाल या खगोलशास्त्रज्ञाने दुर्बीण तिकडे वळवली. सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत नेपच्यून होता. पळवाटेतून ग्रह सापडत नाहीत.

प्रत्येक वेळी असे जमलेच असे नाही, हेही सांगायला हवे. त्याच ल व्हेरिएला पुढे बुधाच्या चालीत फरक आढळला. बुधाची लंबगोल कक्षा हळूहळू फिरते, आणि सगळ्या ग्रहांची ओढ हिशेबात धरूनही त्या फिरण्यातला काही भाग उरत होता. नंतरच्या नेमक्या मोजणीनुसार तो दर शतकाला ४३ विकला एवढा आहे. एका अंशाचे ३६०० भाग केले तर एक भाग म्हणजे विकला. त्यावरून हा फरक किती बारीक होता ते समजेल. ल व्हेरिएने पुन्हा एक न दिसणारा ग्रह सुचवला, त्याला व्हल्कन हे नावही पडले, आणि खगोलशास्त्रज्ञ कित्येक वर्षे सूर्याजवळ तो शोधत राहिले. व्हल्कन सापडला नाही, कारण तो नव्हताच. १९१५ साली आइनस्टाइनने गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला तेव्हा त्या ४३ विकलांचा हिशेब लागला.